माणशी अर्धा एकर : पाणी पंचायतीची पन्नास वर्षे

संस्थांचे इतिहास साधारणपणे संस्थापकांच्या तसबिरीपासून सुरू होतात. ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि त्याने उभी केलेली पाणी पंचायत यांचा इतिहास लिहिताना आधी पायाखालच्या खडकाकडे पाहावे लागते. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे निघाले की पुरंदर तालुका लागतो. पश्चिमेला, पुरंदर-वज्रगडाच्या अंगाला पाऊस बरा असतो. सासवड ओलांडून जेजुरी, नायगाव, माळशिरसच्या बाजूला सरकावे तसा ढग रिकामा होत जातो. पूर्व पट्ट्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. तोही चार-दोन दणक्यांत पडून ओढ्यांनी कऱ्हेत आणि कऱ्हेतून नीरेत निघून जातो.

खाली दख्खनचा काळा पाषाण. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग याच बेसॉल्टने व्यापला आहे. नदीकाठच्या गाळासारखा हा खडक पाणी पोटात घेत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा सडका खडक, थराथरांमधल्या भेगा, एवढीच काय ती जागा. शंभर घनमीटर खडकातून एक ते तीन घनमीटर पाणी हाती लागले तर नशीब म्हणायचे. म्हणून इथली विहीर दिवाळीत तुडुंब असते आणि शिमग्याला तिचा तळ दिसतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. साठा एवढा लहान असल्याने एकाने उपसा वाढवला की शेजाऱ्याची विहीर उतरते. विहीर ज्याच्या त्याच्या बांधात असली तरी खालचे पाणी सामाईक आहे, हे या तालुक्यातल्या शेतकऱ्याला कोणी भूवैज्ञानिकाने सांगावे लागत नाही. पण ते माहीत असणे वेगळे आणि त्यावर एकत्र बसून नियम करणे वेगळे.

फुले घराणे पुण्यात येण्याआधी याच तालुक्यातल्या खानवडीत राहत होते. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे, असे सरकारला सुचवले होते. ही सूचना त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात मनापासून अमलात यायला नव्वद वर्षे आणि एक मोठा दुष्काळ लागला.

त्या दुष्काळाची ओळख करून द्यायची गरज नाही. ज्यांनी १९७२ पाहिले त्यांना सुकडी आणि मिलो हे दोन शब्द पुरेसे आहेत. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. या कामांनी माणसे जगवली, यात शंका नाही, आणि यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. मात्र त्यातले बरेचसे काम खडी फोडण्याचे होते. दिवसभर फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला लागत आणि ज्या शेतकऱ्याने ती फोडली त्याच्या रानात पुढच्या वर्षीही पाणी नसणार, हे त्याला दिसत असे.

पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताई या काळात पुरंदरमध्ये फिरत होते. विलासराव अभियंते. अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग हा त्यांचा कारखाना गेज आणि अचूक मोजमापाची साधने बनवायचा. मायक्रॉनच्या हिशेबात धंदा करणाऱ्या या माणसाला दुष्काळी कामांवरचा बेहिशेबीपणा जास्त टोचला असावा, असे त्यांची पुढची वाटचाल पाहून वाटते. किती पाऊस पडतो, त्यातला किती मुरतो, किती पळतो, एका माणसाच्या भाकरीला किती पाणी लागते, ही कोष्टके तालुक्यात कोणाकडेच नव्हती. अन्नछत्र उघडून किंवा देणगी देऊन मोकळे होणे सोपे होते. साळुंखे दांपत्याने जमीन मागितली.

१९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानाची स्थापना झाली आणि नायगावच्या देवस्थानाची ४० एकर जमीन ५० वर्षांच्या कराराने प्रतिष्ठानाच्या ताब्यात आली. (सावित्रीबाईंचे नायगाव ते साताऱ्याकडचे, खंडाळा तालुक्यातले, हे निराळे.) जमीन कसली, उताराचा उघडा माळ होता. पावसाळ्यात त्यावर कुसळी गवत यायचे. कसून चार-दोन पोती निघाली तरी खूप. गावाने अशी जमीन शहरी माणसाला देऊन टाकली यात उदारपणा किती आणि ‘बघू या काय करतो ते’ किती, हे सांगणे अवघड आहे. विलासराव झोपडी बांधून तिथे राहू लागले.

या चाळीस एकरांत जे झाले त्यात तंत्र म्हणून नवे काही नव्हते. उताराला आडवे समपातळी बांध घातले. झाडे लावली. ओघळ जिथे एकत्र येतात तिथे पाझर तलाव केला. तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खणली आणि विहिरीतले पाणी पंपाने उचलून पुन्हा वरच्या रानाला दिले. पाझर तलाव हा प्रकार राज्यात हजारांनी झाला, तरी त्याचा हेतू अनेकांना नीट कळलेला नसतो म्हणून थोडे थांबून सांगतो. धरणाचा मातीचा भराव पाणी अडवायला असतो आणि तळातून थेंबही गळू नये ही तिथली प्रतिष्ठा असते. पाझर तलावात पाणी गळावे हाच उद्देश असतो. भरावाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा घालतात, तो भराव फुटू नये म्हणून. तळाला मात्र हात लावायचा नाही. तिथला मुरूम आणि सडका खडक उघडाच ठेवायचा. पहिले एक-दोन पावसाळे तलाव गढूळ पाण्याने भरतो, तळाशी गाळाची साय धरते आणि पाझर मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात कोरड्या तळातला गाळ काढून शेतात टाकावा लागतो. तलाव संक्रांतीपर्यंत आटला तर गावकरी हळहळतात, पण ते पाणी खालच्या विहिरीत उतरलेले असते. तिथे त्याला ऊन लागत नाही, वाऱ्याने ते उडत नाही. विलासरावांच्या शेतावर येणाऱ्यांना हेच आधी पटवावे लागे. आटलेला तलाव दाखवून हे काम यशस्वी झाले म्हणणाऱ्या माणसावर विश्वास बसायला वेळ लागणारच.

काही वर्षांत हिशेब असा बसला : चाळीसपैकी २४ एकरांवर संरक्षित पाण्याची पिके, सहा एकरांवर झाडे, उरलेल्या जागेत तलाव, विहिरी आणि बांध. जिथे पोत्यांत मोजायचे तिथे सुमारे दोनशे क्विंटल धान्य निघू लागले. संरक्षित पाणी म्हणजे बागायत नव्हे. ज्वारी-बाजरी पोटरीत असताना पावसाने ओढ दिली तर एखादे-दुसरे पाणी, रब्बीला दोन-तीन पाळ्या, बस्स. पाऊस तोच, जमीन तीच. पळणारे पाणी थांबवून खडकात साठवले आणि नेमक्या वेळी वर काढले, एवढाच फरक.

इथवरची गोष्ट पुष्कळ गावांची आहे. पाणी अडवून विहिरी भरल्याच्या यशकथा महाराष्ट्राला नव्या नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच पाच-सात वर्षांत विझल्या हेही आपण पाहिले आहे. विहीर भरली की पहिला ज्याच्याकडे पैसा असतो तो मोठे इंजिन बसवतो. दुसरा त्याच्या पुढे जातो. तलाव बांधायला सगळा गाव घमेली उचलतो आणि पाणी ओढ्याकाठच्या पाच-सहा घरांच्या उसात जाते. साठवण हा कामाचा सोपा भाग आहे. पाणी पंचायतीचे वेगळेपण नायगावच्या तलावात नाही. साठलेले पाणी कोणाचे, या प्रश्नाला तिने दिलेल्या उत्तरात ते आहे.

उत्तर असे होते. पाण्याचा हक्क जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे भिजेल एवढे पाणी. कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांच्या वर नाही. योजना एकट्यादुकट्याची घ्यायची नाही, गटाचीच घ्यायची. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही, ते गटाकडे परत येईल. गावातल्या भूमिहीनालाही तेवढाच वाटा. आणि ऊस लावायचा नाही. बारमाही पाणी पिणारे कुठलेच पीक नाही.

हे नियम वाचताना सरळ वाटतात. एखाद्या पारावर बसून लावून पाहिले की त्यांचा कस कळतो. समजा, एका घराकडे बारा एकर जमीन आहे आणि खाणारी तोंडे तीन. त्यांना पाणी दीड एकराचे. शेजारच्या घरी जमीन दोन एकर आणि माणसे पाच. त्यांचा हक्क अडीच एकरांचा, म्हणजे स्वतःच्या रानापेक्षा जास्त. तिसरे घर भूमिहीन, माणसे चार, त्यांच्या नावावर दोन एकरांचे पाणी. आता बारा एकरवाल्याकडे साडेदहा एकर कोरडी जमीन पडून आहे आणि भूमिहीनाकडे जमिनीवाचून पाणी आहे. दोघांनी वाट्याने शेती केली तर दोघांचाही फायदा. पिढ्यान्‌पिढ्या जो दुसऱ्याच्या बांधावर मजूर म्हणून उभा राहिला तो या सौद्यात पाण्याचा मालक म्हणून उभा राहतो. बारा एकरवाल्याला हे रुचायला जड जाते, आणि का जाते ते समजण्यासारखे आहे. त्याच्या दृष्टीने विहीर त्याच्या रानातल्या पाण्याची, ओढा त्याच्या बांधाला लागून. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून भूजल जमीनमालकाचे, हीच धारणा त्याच्या बाजूने होती. पाणी पंचायत त्याला कायद्याने मिळालेले सोडून द्यायला सांगत होती, तेही स्वतःच्या सहीने.

मग तो सही का करी? एक कारण साधे होते. एकट्याने लांबून पाणी उचलून आणण्याइतका पैसा त्याच्याकडेही नव्हता. दुसरे, दीड एकर खात्रीचे पाणी हे बारा एकर बेभरवशाच्या पावसापेक्षा बरे, हे बहात्तरने त्याला शिकवले होते. माणुसकी वगैरे होतीच, पण संस्थेने आपली घडी तिच्यावर बसवली नाही हे शहाणपणाचे झाले.

पैशाची वाटणीही अशीच विचारपूर्वक होती. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा, २० टक्के, सभासदांनी आधी रोख भरायचा. ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानाने बिनव्याजी द्यायचे आणि सभासदांनी ते हप्त्याने फेडायचे. वीस टक्के हा आकडा कोरडवाहू शेतकऱ्याला लहान नव्हता. पण जो भरत असे तो पुढे सभेला येत असे, जमाखर्च विचारत असे. फुकट मिळालेल्या मोटारीचा व्हॉल्व्ह गळत असला तर कोणी पाहत नाही. वीस टक्के भरलेल्या मोटारीचा गळला तर रात्री माणसे जमतात.

गटाचा कारभार गटाकडेच असे. सभासद आपली समिती निवडत. पाणी सोडायला पाटकरी नेमत. पाटकरी हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा होता, आणि अहवालांत त्याला जितकी जागा मिळते त्याहून त्याचे काम मोठे होते. रब्बीच्या तोंडाला विहिरीत आणि तलावात पाणी किती आहे ते पाहून सभेत ठरे : यंदा किती पाळ्या मिळतील, कोणी गहू करायचा, कोणी हरभऱ्यावर थांबायचे. पाणी कमी असेल तर सगळ्यांचे कमी. एकदा पाळी ठरली की ती राबवायचे काम पाटकऱ्याचे. वीज रात्रीची, कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. अंधारात दारे धरणारा सभासद आणि हातात बॅटरी घेऊन बांधावरून फिरणारा पाटकरी, दोघांचेही घड्याळाकडे लक्ष. सरपंचाच्या भावकीतल्या माणसाची वेळ संपली की त्याचेही दार बंद करण्याची धमक ज्या पाटकऱ्यात होती, त्या गटाची योजना चालली. जिथे ती नव्हती, तिथे नियम किती चांगले होते याला अर्थ राहिला नाही.

उसाच्या बंदीवर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. शेजारच्या बारामती, इंदापूर, फलटणकडे कारखान्यांची धुराडी दिसत होती आणि उसावर बंगले उठत होते. पुरंदरच्या शेतकऱ्याने मात्र ज्वारी, गहू, कांदा, वाटाणा यांवर समाधान मानायचे, हा कुठला न्याय, असे विचारणारे होते. हिशेब त्यांच्या बाजूने नव्हता. एक एकर ऊस जेवढे पाणी पितो तेवढ्यात ज्वारी-हरभऱ्याचे कित्येक एकर उभे राहतात, आणि सामाईक विहिरीत एकाने ऊस लावला की बाकीच्यांच्या पाळ्या आपोआप कमी होतात. ही बंदी नसती तर माणशी अर्धा एकर हे सूत्र एका हंगामात मोडले असते. संस्थेने केलेल्या सगळ्या नियमांत अमलात आणायला सर्वांत अवघड आणि सर्वांत बरोबर असा हाच नियम होता, असे माझे मत आहे.

नायगाव पाहून आसपासच्या गावांनी गट केले. माहूरसारख्या गावांत योजना उभ्या राहिल्या, आणि दशकभरात पुरंदरमध्ये डझनावारी उपसा योजना या नियमांवर चालू लागल्या. यात ग्रामपंचायतीशी गल्लत नको : ती सरकारी, ही सभासदांची. प्रत्यक्षात मात्र दोघींना एकमेकींवाचून चालत नसे. तलाव बहुधा रोजगार हमीतला किंवा जिल्हा परिषदेचा, ओढा महसूल खात्याच्या नकाशावरचा, पाणी उचलायची परवानगी पाटबंधारे खात्याची, जोडणी वीज मंडळाची, कर्ज बँकेचे. १९७२ मध्येच स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा भूजलाची पाहणी करायची. एका विहिरीवर सात दारांचे शिक्के. या सगळ्यांना एका बाकावर बसवणे हे प्रतिष्ठानाचे न दिसणारे काम होते. गटातले शेतकरी एकेकटे गेले असते तर पहिल्या टेबलावरच दिवस गेला असता. संस्थेचा कार्यकर्ता सोबत असला की निदान दुसऱ्या टेबलापर्यंत पोचता येई. अनुदान मंजूर होऊन हातात पडेपर्यंत दोन पावसाळे उलटल्याच्या तक्रारी त्या काळच्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, तो हसून सांगेल.

त्या आणि पुढच्या दशकात हा विचार इतरत्रही रुजत होता. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने बळीराजा धरण बांधले. नदीतली वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला, आणि पाणी भूमिहीनांसह प्रत्येक घराला द्यायचे ठरवले. डॉ. भारत पाटणकर आणि क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने कृष्णा खोऱ्यात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. तिथे माणशी हक्क नव्हता, पण शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हा ग्रामसभेचा निर्णय होता, आणि दरवर्षी पावसाच्या नोंदीवरून पिके ठरवणारा पाण्याचा ताळेबंद होता. नाशिकमध्ये ओझरच्या पाणीवापर संस्थांनी वाघाडच्या कालव्याचे पाणी बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या आणि त्या पाण्याचाही हिशेब ठेवला. खानदेशातली सामूहिक सिंचनाची फड पद्धत तर या सगळ्यांची आजी शोभेल अशी. नियम प्रत्येकाचे निराळे. पण पाणी सगळ्यांनी मिळून मोजायचे, हे सगळीकडे समान आहे.

उतरणीची वर्षेही सांगितली पाहिजेत, नाहीतर ही स्मरणिका नुसती गौरविका होईल. सर्वांत मोठा धक्का कोणत्याही विरोधकाने दिला नाही, रिगने दिला. तिरुचेनगोडच्या गाड्या रात्रीत येऊन दोनशे-तीनशे फूट छिद्र पाडू लागल्या, तेव्हा गटाची गरजच अनेकांना वाटेनाशी झाली. ज्याला सामाईक विहिरीत दीड एकराचे पाणी होते त्याने आपल्या रानात विंधन विहीर घेतली आणि गटाच्या नियमांतून मोकळा झाला. त्याचे पाणी मात्र त्याच खडकातून येत होते. महाराष्ट्रात १९७७ पासून शेतीपंपाचे वीजबिल अश्वशक्तीवर ठरू लागले होते. मोटार तासभर चालवा किंवा आठ तास, बिल तेच. जिथे जास्त उपशाला जास्त पैसे पडत नाहीत तिथे पाटकऱ्याच्या घड्याळाला कोण विचारतो?

भूमिहीनांच्या हक्काचेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तत्त्व म्हणून तो सगळ्या गटांनी मान्य केला. व्यवहारात तो सगळीकडे सारखा उतरला नाही. वीस टक्के भरायला रोकड नसणे, वाट्याने द्यायला कोणी जमीन न देणे, गावातली जात, या तिन्हींनी वाट अडवली. पाणी माणसागणिक दिले तरी जमीन जुन्याच हातांत होती. ही मर्यादा पाणी पंचायतीची कमी आणि गावाची जास्त, असे म्हणता येईल. पण संस्था गावातच काम करत होती, त्यामुळे ती संस्थेच्याही खात्यावर मांडावी लागते.

पुढे पुरंदर उपसा सिंचन योजनेने मुळा-मुठेचे पाणी डोंगर चढवून तालुक्यात आणले. पुण्याच्या सांडपाण्याचा वास असलेले का होईना, पाणी आले, ओढे वाहिले, अंजीर आणि सीताफळाच्या बागा वाढल्या. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरून पाणी आल्यावर आपल्या ओढ्याच्या हिशेबाची निकड कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००२ मध्ये विलासराव गेले. कल्पनाताई आणि कार्यकर्त्यांनी काम चालू ठेवले, पण ज्या माणसाच्या शब्दावर सात खात्यांचे अधिकारी एका खोलीत बसत, तो माणूस राहिला नव्हता.

सरकारने या अनुभवातून काय घेतले? थोडे घेतले. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा, असे दोन कायदे केले. पाणीवापर संस्थांना अधिकार मिळाले, पाणी घनमापाने मोजायचे ठरले. टंचाईच्या वर्षी लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल एवढा कोटा द्यावा, असेही प्राधिकरणाच्या कायद्यात आले. या तरतुदीत माणशी अर्ध्या एकराची सावली दिसते. पण कायदा जमीनधारकाशी थांबला; माणसापर्यंत, भूमिहीनापर्यंत गेला नाही. पुढे २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. पाणलोटनिहाय समित्या, अधिसूचित क्षेत्रात पीक आराखडे, साठ मीटरहून खोल विहिरींना मनाई, हे सगळे त्यात आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. आज शिवारात उभ्या असलेल्या कुठल्याही रिगवाल्याला हा आकडा सांगून पाहावा.

अलीकडे केंद्राच्या अटल भूजल योजनेत पुरंदर, बारामती आणि इंदापूर हे तालुके घेतले गेले. ग्रामपंचायतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या नोंदवायच्या आणि त्यावरून जलसुरक्षा आराखडा करायचा, असे तिचे स्वरूप आहे. पाऊस किती, मुरला किती, उपसा किती, हे भिंतीवर रंगवलेले तक्ते आता तालुक्यातल्या गावांत दिसतात. नायगावच्या झोपडीत हेच गणित पन्नास वर्षांपूर्वी मांडले गेले. तक्त्यावर एक रकाना मात्र अजून नसतो : उपसलेले पाणी किती घरांना, किती माणसांना मिळाले. तो भरल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही, आणि तो भरायला यंत्र लागत नाही. गावसभेत उठून विचारणारे कोणीतरी लागते.

आजही काही जुने गट टिकून आहेत. जिथे ते टिकले तिथे तीन गोष्टी साधारणपणे सापडतात : सभा नियमित भरते, पाटकऱ्याचा पगार थकत नाही, आणि जमाखर्चाची वही कोणालाही पाहायला मिळते. जिथे योजना बंद पडली तिथेही या तिन्हींपैकी काय आधी थांबले, हे जुनी माणसे लगेच सांगतात. बहुधा आधी वहीच बंद झालेली असते.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुरंदर तालुक्यात आणि बाहेरही पाणी पंचायतीच्या गटांची इतिवृत्ते, पाळीपत्रके, वीस टक्के भरल्याच्या पावत्या अनेक घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात पडून असतील. कोणत्या साली किती पाणी होते, कोणाला किती मिळाले, कोणाचे दार बंद केले, भांडण कसे मिटले, याचा खरा इतिहास त्या वह्यांत आहे. या लेखात त्याचा सारांशही मावत नाही. त्या रद्दीत घालू नका. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा, गटातल्या हयात सभासदांकडून नावे आणि साले तपासून घ्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी, एक जवळच्या शाळेत ठेवा. पाटकरी म्हणून काम केलेली माणसे आता सत्तरीपुढे आहेत. त्यांच्याकडे या हिवाळ्यातच जा.